टेकडीआडची ओढ

ज्या माणसाला पहिल्याच भेटीत हाकलून द्यावं, त्याच्याच वाटेकडे पुढे डोळे लावून बसावं लागावं, ही बॅक सेबोमच्या नशिबातली गंमत. आणि हाकललं तेही एका लोखंडी गोळ्यापायी.

कोरियातल्या देजॉन शहरात सप्टेंबरची बुरबुर लागली होती. तिथल्या मोजमापांच्या संशोधन संस्थेच्या आवारात एक बुटकी टेकडी आहे, तिच्या पोटात भुयार, आणि भुयाराच्या टोकाला सेबोमची प्रयोगशाळा. दुपारी ती जेवायला बाहेर आली, तर दारावरच्या छपराखाली एक उंच तरुण उभा. केसांतून पाणी ठिबकतंय, चष्मा धुरकटलेला, आणि शेजारी हातगाडीवर कलिंगडाएवढा लोखंडी गोळा.

"पाऊस थांबला की निघतोच," तो हसून म्हणाला.

"तुम्ही आधी निघा," सेबोम म्हणाली. "पाऊस थांबेल त्याच्या सवडीने."

"अहो, पण गोळा भिजला तर गंजेल..."

"आणि इथे राहिला तर माझा तराजू बिघडेल."

त्याने चष्मा पुसला, तिच्याकडे नीट पाहिलं, मग गोळ्याकडे पाहिलं. गोळा बिचारा काहीच करत नव्हता. सेबोमने त्याला टेकडीला वळसा घालून जाणारी वाट दाखवली. मागे पर्सिमनचं एक झाड आहे, खाली दगडी बाक आहे, तिकडे चिटपाखरूही फिरकत नाही, तिथे खुशाल उभे राहा, असं सांगून ती तरातरा निघून गेली. झाडाखाली तो गोळ्यासकट चिंब भिजला, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. कारण तो शिंकत शिंकत तिच्या टेबलाशी हजर झाला.

नाव प्यो उजिन. राहणार सोलचा, काम प्रदर्शनं मांडण्याचं. संस्थेने शाळेतल्या मुलांसाठी एक छोटं दालन उभारायला घेतलं होतं, भौतिकशास्त्रातल्या स्थिरांकांचं. कुठल्याही देशात जा, कुठल्याही ग्रहावर जा, जे आकडे बदलत नाहीत ते स्थिरांक. मुलांच्या पुस्तकात ते शेवटच्या पानावर असतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीच कुणी तिकडे बघतं. त्या आकड्यांना माणसात आणायचं काम उजिनकडे होतं. अडलं तर बॅक डॉक्टरांना विचारा, असं त्याला वरून सांगितलं होतं.

"म्हणजे ज्यांनी हाकललं त्यांच्याकडेच शिकवणी," तो म्हणाला आणि पुन्हा शिंकला. सेबोमला जरा ओशाळल्यासारखं झालं. तिने त्याला आल्याचा चहा पाजला. तिथून सगळी सुरुवात.

सुरुवातीला तो उपाहारगृहाच्या रांगेत गाठून एखाददुसरा प्रश्न विचारायचा आणि आपला किम्बापचा डबा घेऊन टेकडीमागे जायचा. तिकडे का, असं तिने विचारलं, तर म्हणाला, तुम्हीच दाखवलेली जागा आहे, कोरडी असली की फार छान आहे. मग छुसॉकचा सण आला. सेबोमच्या आईने डबा भरभरून सोंगप्यॉन, म्हणजे तांदळाच्या गोड करंज्या, दिले होते, एकटीला संपेनात. ती ते घेऊन झाडाखाली गेली... आणि मग दुसऱ्या दिवशी काहीच न्यायचं नव्हतं, तरी गेली.

पर्सिमन पिकायला लागले होते. त्यांच्या केशरी उजेडात जेवता जेवता शिकवणी चालायची. प्रकाशाचा वेग आता कुणी मोजत नाही, सेबोम सांगायची, तो एकदाचा ठरवून टाकलाय, उलट मीटरच त्याच्यावरून मोजतात. प्लांकचा स्थिरांक म्हणजे ऊर्जेची सगळ्यात लहान पुडी केवढी, ते सांगणारा. ऊर्जा सुटी मिळत नाही, पुड्यांतच मिळते, आणि हल्ली किलोग्रॅमसुद्धा याच आकड्यावरून ठरतो. बोल्ट्समनचा स्थिरांक सांगतो, चहा अमुक इतका गरम असेल तर त्यातले कण किती धावपळ करत असतील. उजिन हे सगळं ऐकून घ्यायचा आणि मुलांसाठी आपल्या भाषेत वळवायचा. बोल्ट्समनच्या पाटीवर त्याने लिहिलं, "घर किती तापलंय, हे घरातली माणसं किती धुसफुसतात त्यावरून कळतं." सेबोमने हे भौतिकशास्त्र नाही म्हणून खूप वाद घातला आणि शेवटी ते तसंच राहू दिलं.

"आणि तुमचा तो?" एकदा त्याने विचारलं. "ज्याच्यापायी मला पावसात काढलंत?"

तिचा तो म्हणजे जी, गुरुत्वाकर्षणाचा. कोणत्याही दोन वस्तू एकमेकींना किती ओढतात, ते सांगणारा आकडा. याच्याच जोरावर पृथ्वीचं वजन काढतात, सूर्याचं काढतात. आणि गंमत अशी, की बाकीचे आकडे शास्त्रज्ञांना दहा-दहा घरांपर्यंत तोंडपाठ आहेत, हा मात्र चार घरांपुढे अडखळतो. दर प्रयोगशाळेचा वेगळा येतो. सेबोमचा तराजू म्हणजे केसाहून बारीक तारेला टांगलेला एक दांडा. जवळ ठेवलेले जड गोळे त्याला ओढतात, तो किंचित वळतो, आणि ते किंचित किती, तेवढंच ती दोन वर्षं मोजत होती.

"अवघड काय आहे त्यात?" उजिन म्हणाला.

"फार दुबळी ओढ आहे ती. आणि तिला आडोसा चालत नाही. वीज अडवता येते, उजेड, आवाज अडवता येतो. ही भिंतीतून जाते, डोंगरातून जाते. म्हणून सगळ्या जगालाच तराजूपासून लांब ठेवायचं. तेवढीच माझी नोकरी."

"वाईट नोकरी आहे," तो म्हणाला.

आजवर लोक तिला म्हणायचे, केवढं अवघड काम, केवढा धीर. वाईट नोकरी आहे, असं कुणी म्हटलं नव्हतं. तिला एकदम हसू आलं.

"मग ती ओढ... आपल्या दोघांतही असेल?" उजिनने डब्यात बघत विचारलं.

"असणारच. साखरेच्या दाण्याचे वीस तुकडे केलेत, तर त्यातल्या एका तुकड्याच्या वजनाएवढी."

"एवढीच?"

"या अंतरावरून एवढीच. अंतर निम्मं केलं तर चौपट होते."

उजिनने थोडा विचार केला. मग डबा उचलून तो सरकला, बरोबर निम्म्या अंतरावर. "काही फरक जाणवतोय का?" त्याने गंभीरपणे विचारलं. सेबोम म्हणाली, छे, मोजता येण्यासारखा नाही. तिचे कान लाल झाले होते, ते तिला दिसत नव्हते, त्याला दिसत होते.

आता दुसरीकडे काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. सप्टेंबर सरता सरता तराजूच्या आलेखात एक उंचवटा दिसायला लागला होता. एरवी सरळ चालणारी रेघ रोज दुपारी जराशी वर चढायची, तासाभराने खाली यायची. ऑक्टोबरात तो उंचवटा दुपटीने वाढला. सेबोमचे वरिष्ठ ग्वाक सर, निवृत्तीला टेकलेले, शांत आणि खवट, रोज त्या रेघेपुढे उभे राहून कपाळाला आठ्या घालायचे. डिसेंबरात परीक्षक मंडळ येणार होतं. कारण न सापडलेला उंचवटा घेऊन त्यांच्यापुढे गेलं, तर अख्ख्या मोसमाची मोजणी बाद. आणि सेबोमची नेमणूक वर्षाअखेरीपर्यंतचीच होती. पुन्हा मोजायला ती इथे असणार नव्हती. दोन वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती.

तिने काय काय धुंडाळलं नाही... मालाचे ट्रक आवाराबाहेर थांबवले, शेजारच्या इमारतीची लिफ्ट दुपारची बंद ठेवायला लावली. मग तिच्या लक्षात आलं, की पावसाच्या दिवशी उंचवटा नसतो. दुपारची वेळ आणि कोरडा दिवस. म्हणजे ऊन, दुसरं काय? टेकडी तापते, दगड फुगतो, तराजू कलतो. ग्वाक सरांना पटलं. अख्ख्या टेकडीवर पांढरं कापड अंथरलं गेलं. उजिन म्हणाला, टेकडी दवाखान्यात भरती झाल्यासारखी दिसतेय. सेबोम बाकावर बसून त्याच्याबरोबर हसली, आणि आत, तिच्या पाठीमागे, रेघ रोजच्यासारखी वर चढली.

मग एका लख्ख उन्हाच्या गुरुवारी उजिन दालनासाठी काचा पसंत करायला सोलला गेला. सेबोमला एकटीने झाडाखाली जाववेना. तिने डबा टेबलाशीच उघडला. समोर रेघ सरळ चालली होती. दुपार झाली, रेघ सरळ. दुपार टळली, तरी सरळ. ग्वाक सर खूश झाले. कापड लागू पडलं म्हणाले, आणि तिच्या डब्यातला अंड्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला. असं ते वर्षातून एकदा करत.

सेबोम मात्र तशीच बसून राहिली. कापड कालही होतं. ऊन कालही होतं. काल होतं आणि आज नाही, असं एकच होतं...

तिने भुयाराचा जुना नकाशा शोधून काढला. बाहेरचा वारा आत शिरू नये म्हणून भुयाराला दोन वळणं दिलेली आहेत. रोज त्यातून ये-जा करणाऱ्याला आपण टेकडीच्या कुठल्या अंगाला पोचलो, याचा पत्ता लागत नाही. सगळ्यांना वाटायचं, तराजू मधोमध कुठेतरी खोल आहे. नकाशावर तराजूची खोली टेकडीच्या मागच्या कडेला चिकटून होती. भिंत, थोडी माती, आणि जेमतेम चार हातांवर पर्सिमनचं झाड. सगळ्या जगाला लांब ठेवणाऱ्या बाईने एका माणसाला मात्र नेमकं तराजूच्या कुशीत नेऊन बसवलं होतं. वर स्वतःही जाऊन बसली होती.

सेबोमला हसावं की रडावं ते कळेना. आणि मग तिच्या मनात जे आलं, ते तिने पुढे उजिनपासूनही लपवलं नाही. गप्प राहिलं तर? उद्यापासून दुसरीकडे जेवायचं, उंचवटा आपोआप जाईल, श्रेय कापडाला मिळेल. कुणाला कळणार आहे? पण मग मागच्या दोन महिन्यांच्या मोजणीतून उन्हाच्या नावाने चुकीची वजाबाकी होणार, आणि तो चुकलेला आकडा घेऊन जगात कुणीतरी सूर्याचं वजन काढणार. तिला ते सोसवलं नसतं. रात्रभर कूस बदलून सकाळी ती उठली ती ठरवूनच.

शुक्रवारी उजिन आला. त्याने तिच्यासाठी याक्ग्वाची, मधात मुरवलेल्या मिठाईची, खोकी आणली होती. तो सवयीने टेकडीमागच्या वाटेला लागला, तर तिने त्याला वाटेतच थांबवलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे मी... ओढत होतो?" त्याचा आवाज बारीक झाला. "भिंतीपलीकडून?"

"आडोसा चालत नाही म्हटलं होतं ना."

"आणि ऑक्टोबरात ते दुप्पट का झालं?"

"ऑक्टोबरात मी आले," सेबोम म्हणाली.

तो हसायला लागला होता, पण तिच्याकडे बघून थांबला. तिचे डोळे भरले होते. मग तो म्हणाला, सांगून टाका ग्वाक सरांना, माझं नाव घाला, एका बेअक्कल माणसामुळे झालं म्हणा, लाज वाटायची ती मला वाटू दे.

"लाजेचं काही नाही हो," ती म्हणाली. "सांगितलं की ती जागा बंद होणार. मोजणी संपेपर्यंत तुम्ही टेकडीजवळ फिरकायचं नाही, मी तिकडे यायचं नाही... दिवसभरात तेवढाच एक तास मला माझा वाटत होता."

गिंकोची पिवळी पानं वाटेवर पडत होती. शेवटी त्याने याक्ग्वाची खोकी तिच्या हातात दिली. "सांगा तुम्ही," तो म्हणाला. "मी कुठे जातोय?"

ग्वाक सरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, पण संशय आहे म्हणजे पुरावा नाही, म्हणाले. तेव्हा दोघांना संस्थेच्या सगळ्यात चोख काट्यावर उभं करून वजनं घेतली. मग उजिनला बाकावर पाठवून ग्वाक सर पडद्यापुढे बसले आणि फोनवरून सांगू लागले, बसा, आता उठून फाटकापर्यंत जा, आता परत येऊन बसा. तो बसला की रेघ चढे, गेला की उतरे. मग सेबोमला जायला सांगितलं, आणि दोघं शेजारी बसताच रेघ दुपटीने चढली. दुपारभर हे चाललं. उजिनचे गुडघे बोलायला लागले तेव्हा फोनवर सर म्हणाले, लग्नात सासू-सासऱ्यांना दंडवत घालायची तालीम झाली असं समजा.

डिसेंबरात मंडळ आलं. तिघं जण, अध्यक्षा प्राध्यापक यॉम, ज्यांच्या नुसत्या चष्म्याला लोक घाबरत. सेबोमने नकाशा दाखवला, उंचवटे दाखवले, वजनं सांगितली. दुपारचे ते तास कापून टाकले की उरलेली मोजणी स्वच्छ राहते, हे आकड्यांनी सिद्ध केलं. अडथळ्याचा स्रोत बघायचा म्हणून मंडळाने उजिनलाही बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात अवघडून उभा होता.

यॉमबाईंनी सगळी पानं उलटली. मग प्रत्येक अडथळ्याबद्दल विचारायचा तो रिवाजाचा प्रश्न त्यांनी विचारला. "हा स्रोत तात्पुरता आहे, की कायमचा?"

जागा बंद केली आहे, एवढं उत्तर पुरेसं होतं. तेच तिने पाठही केलं होतं. सेबोमने तोंड उघडलं, आणि तिची नजर कोपऱ्याकडे गेली. तिला पावसात भिजलेला तो चष्मा आठवला नाही, की सोंगप्यॉन आठवले नाहीत. तिला फक्त कळलं, की याचं खरं उत्तर तिला माहीत आहे, आणि या खोलीत खोटं उत्तर द्यायचं नसतं.

"जागा बंद केलीये, मॅडम," ती म्हणाली. "पण स्रोत... कायमचा आहे. निदान मला तो तसा हवा आहे."

ग्वाक सर खिडकीबाहेर बघत खोकले. यॉमबाईंनी चष्म्यावरून उजिनकडे पाहिलं.

"स्रोताचं काय म्हणणं आहे?"

"स्रोत तयार आहे," उजिन म्हणाला. त्याचा आवाज कापला, पण शब्द स्वच्छ आले.

"मग पुढच्या सगळ्या मोजण्यांत हिशेबात धरा," यॉमबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोजणी मान्य असल्याची सही केली.

त्यानंतर थंडीभर दोघं दुपारी लांबच राहिले. तो मोटारींच्या थांब्यापलीकडे, फाटकाच्या कट्ट्यावर डबा खायचा, ती उपाहारगृहाच्या खिडकीत. मध्ये सगळं आवार. हात हलवला की दिसायचा तेवढाच. संध्याकाळी मात्र ती भुयारातून निघून थेट फाटकाशी जायची. अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघांनाही सांगता येणार नाही.

बर्फ वितळेपर्यंत आकडा हाती आला. जगाला हादरवणारा वगैरे नव्हता. चौथ्या घरापुढे एक पाऊल, तेही दबकत टाकलेलं, पण पक्कं. सेबोमची नेमणूक वाढली. उजिनचं दालन उघडलं, पहिल्याच दिवशी मुलांनी त्या लोखंडी गोळ्यावर चढायचा प्रयत्न केला. सेबोमला त्या दिवसांत सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटत होते: आईचे, ग्वाक सरांचे, त्या वाकड्या भुयाराचे, भिंतीतून पार जाणाऱ्या त्या दुबळ्या ओढीचे. आपण जगाला लांब ठेवत होतो आणि तरी जगाने आपल्यापर्यंत वाट काढली, याबद्दल नेमके कुणाचे आभार मानायचे, तेवढं तिला ठरवता येईना.

शोधनिबंधाच्या शेवटी ऋणनिर्देश असतो. छापायला जाण्याआधी तिने तो उजिनला वाचायला दिला. संस्था, ग्वाक सर, आई, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: दुपारच्या वेळी तिथे नसल्याबद्दल प्यो उजिन यांचे मनःपूर्वक आभार.

उजिनने ती ओळ दोनदा वाचली. "माझ्या नसण्याबद्दल आजवर कुणी आभार मानले नव्हते," तो म्हणाला.

"असण्याबद्दलचे छापता येत नव्हते," सेबोम म्हणाली. "ते मी तुला रोज तोंडीच सांगत जाईन."

आणि तिने लगेच सुरुवातही केली.